बाबांचा दगड

बाबांनी शेवटच्या आठवड्यात एकच काम सांगितलं: टेबलावरचा दगड जिथून आणला तिथे ठेवून ये. १९८३ साली कतारमध्ये भूगर्भतज्ज्ञ असताना त्यांनी तो झिक्रीतच्या वाळवंटातल्या एका एकट्या टेकडीवरून उचलला होता, तिचा एक फोटोही काढला होता. त्यात शिंपल्याचा ठसा आहे.

मी आता कतारमध्येच, अल खोरला राहते. फक्त जाऊन ठेवायचा होता, पण मी आधी चार पुस्तकं वाचली. दुःखातही संदर्भसूची लागणारी माणसं असतात, त्यांतली मी.

गाडी पोपटरावांची. ते नजमा या कामगारवस्तीत राहतात. वर्ल्ड कपच्या रस्त्यांवर तीन वर्षं डंपर चालवून आता टॅक्सी चालवतात. वाटेत मी त्यांना बाबांचं काम सांगितलं. वाळवंटात टेकडी दिसली. मी उतरले, दगड पायथ्याशी ठेवला, हात जोडले आणि माझ्या नकळत व्याख्यानच सुरू केलं.

"इथे समुद्र होता, पोपटराव. वर टणक चुनखडी, खाली मऊ माती. वारा खालचं खातो, वरचं टोपीसारखं उरतं. हा पिवळा थर बघा, दोन कोटी वर्षांचा."

पोपटराव टोपी काढून उभे होते. "ताई, त्यो गेल्या रमजानचा."

"काय?"

"रस्त्याच्या खोदाईचा ढिगारा हाय ह्यो. पिवळ्या मातीच्या बावीस खेपा मीच टाकल्या."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी हात जोडलेले. मधी कसं बोलायचं?"

मी दगड उचलला. शिंपल्याला फुंकर मारली, जणू त्याचाच अपमान झाला होता.

खरी टेकडी त्या ढिगाऱ्यामागे होती. दोन मजली घराएवढी. बाबांनी जमिनीवर झोपून फोटो काढला असणार, त्यात ती सह्याद्रीची वाटते. पण टणक टोपी होती, खाली वाऱ्याने कोरलेली सावली होती. सावलीत मी दगड ठेवला. या वेळी काहीच बोलले नाही.

दहा पावलं गेले आणि वळले. तिथे तसलेच शेकडो दगड, निम्म्यांत शिंपले. बाबांचा कोणता, कळेना. छत्तीस वर्षं घरात पाहिलेला दगड! मी गुडघ्यांवर बसून एकेक उलटू लागले.

पोपटराव शेजारी येऊन उकिडवे बसले.

"ताई, साहेबांनी ठेवायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या. उगाच दुसऱ्याचा उचलून न्याल."

मी हातातला दगड खाली ठेवला.