हाताला विचारून आणलेली मशीन

मित्रांनो, जगाचा इतिहास टेबलांवर घडला आहे. तह टेबलांवर झाले, राज्ये टेबलांवर वाटली गेली. मी एक जुने राउटर-टेबल आहे. माझ्यावर कपाटांच्या दारांच्या कडा घडल्या.

एका सुताराने मला मोडीत निघालेल्या काउंटरपासून बनवले. मधोमध भोक पाडले आणि पोटाखाली राउटर नावाची मशीन उलटी टांगली. तिचे फिरते पाते भोकातून वर डोकावते. फळी सरकवली की कडेला नक्षी उमटते. मशीन जड, तेलकट आणि कुरूप होती. लोक दारांचे कौतुक करत, सुताराचे करत, क्वचित तिचेही करत. माझ्यावर पिशव्या ठेवत.

पुढे सुताराचे उजवे मनगट कामातून गेले. मशीन हातात धरून काम करणे संपले. माझ्यापाशी ती धरावीच लागत नाही, म्हणून त्याचा धंदा टिकला. आणि एका स्वयंपाकघराची दारे अर्धवट असताना मशीन जळाली. दारे वेळेत गेली नाहीत तर कारखान्याला कुलूप लावायचे आणि मेहुण्याच्या ओळखीने शोरूमच्या खुर्चीत बसून भुशाच्या फळ्यांची कपाटे विकायची, असे घरात ठरू लागले. ते ऐकून सुतार भरल्या ताटावरून उठला.

नवी मशीन निवडायला हाच मेहुणा पुढे सरसावला. खिळ्याऐवजी अंगठा ठोकणारा हा गृहस्थ. पण सल्ला द्यायला कधी मागे हटला नाही. दुकानात त्याने एकेक मशीन तान्ह्या बाळासारखी जोखली आणि सगळ्यात लहान होती ती सुताराच्या हातात दिली.

"बघा दाजी, फुलासारखी आहे."

दुखऱ्या मनगटालाही ती पेलली. सुताराचा चेहरा उजळला. जी उलटी टांगायची आणि पुन्हा कधी हातात धरायची नाही, ती या दोन शहाण्यांनी हाताला विचारून निवडली.

दारांना लागणाऱ्या मोठ्या पात्याचा दांडा तिच्या जबड्यात शिरेचना. लहान पाते लावले, तर बटणावरचे बोट काढले की मशीन बंद. शेवटी मेहुणा माझ्याखाली मांडी घालून बटण दाबत बसला. वर फळी अडखळत होती आणि जळून काळी पडत होती.

तेवढ्यात सुताराची बायको आली.

"खाली काय करतोस रे?"

"मशीन चालू ठेवतोय, ताई."

"मग तुलाच टांगायचं होतं. वजन तरी आहे."

मग ती नवऱ्याकडे वळली. "हाताला झेपत नाही म्हणून तर हे टेबल केलंत. मग त्याच हाताला विचारून मशीन का आणलीत?"

सुताराने जळकी फळी पालथी घातली. दुपारी तो एकटाच दुकानात गेला. जाड दांडा बसतो का, मोठ्या पात्यासाठी वेग कमी करता येतो का, पात्याची उंची टेबलाच्या वरूनच किल्लीने बदलते का, बटण आपले आपण चालू राहते का, एवढेच विचारले. दुकानदार म्हणाला, जरा हातात घेऊन तर बघा.

"ती हातासाठी नाही," सुतार म्हणाला.

ती मशीन दोघांनी उचलून आणली. दारे वेळेत गेली. शोरूमच्या खुर्चीत आता मेहुणा स्वतः बसतो आणि लोकांना सल्ले देतो. लोक ते घेतात. लोकांची लायकीच तेवढी.

तेव्हा मित्रांनो, वस्तू निवडताना ती कुठे नांदणार आहे, हे आधी पाहा. माझ्यासारख्यांची किंमत ओळखा, आम्हाला जपा. ते जमत नसेल, तर निदान माझ्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. नव्या मशीनच्या वजनाने मी डगमगते.