तिसरीचं गणित

ज़ुहराने आपल्या लग्नातल्या पेटीतून, टॉवेलांच्या तीन घड्यांखालून, डिस्क बाहेर काढली तेव्हा सुंदुसला वाटलं, खालतीने, म्हणजे मावशीने, चुकून भलतीच आणली. डिस्कवर निळ्या शाईत, शाळकरी मुलाने गिरवावीत तशी अक्षरं होती : तिसरीचं गणित.

"हीच गं," ज़ुहरा म्हणाली. "तुझ्या आईचं गाणं हिच्यातच आहे."

"हळू, खालती. पोर उठेल."

"उठू दे की! घरात माणसांचा आवाज नको? ही कुजबुजायची खोड तुला कुठून लागली कोण जाणे. आमच्या घरातल्या बायका बोलल्या की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं."

मांडीवरच्या चार महिन्यांच्या मब्रूकाच्या छातीवर सुंदुसने हात ठेवला आणि श्वास चालू आहे ना ते पाहिलं. हे ती दिवसातून वीस वेळा करायची. औषधशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला हे शोभतं का, असं तिचा नवरा अनस विचारायचा. पदवीने भीती थोडीच जाते? पदवीने उलट कशाकशाला भ्यायचं ते तपशीलवार शिकवलं होतं.

मुलीचं नाव आजीवरून ठेवलेलं. सुंदुसची आई गेली तेव्हा सुंदुस तेरा वर्षांची होती, आणि त्याला आता तेरा वर्षं झाली. म्हणजे आई असण्याची आणि नसण्याची वर्षं यंदा सारखी झाली होती. पुढच्या वर्षी नसण्याचं पारडं जड होणार. चेहरा फोटोंत होता. हातांचा वास एका जुन्या शालीत अजून थोडा उरला होता. आवाज मात्र कुठे म्हणजे कुठेच नव्हता. बाळ रडायला लागलं की सुंदुस अंगाई सुरू करायची आणि मधेच थांबायची. आई हे कसं म्हणायची? उंच स्वरात? की नाकातून थोडं? आठवू जावं तितकं ते लांब पळायचं.

आवाज असण्याची एकच जागा होती. अठरा वर्षांपूर्वी ज़ुहराच्या मेंदीला आईने बहिणीसाठी स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं होतं. त्यात घरातल्या प्रत्येकीचं नाव गुंफलं होतं, आणि शेवटच्या कडव्यात सुंदुसचं. सुंदुस तेव्हा तिथेच होती, आईच्या मांडीवर. पण गाढ झोपलेली.

त्या दिवसाचं चित्रण नूरियाने केलं होतं. त्रिपोलीच्या त्या भागात बायकांच्या समारंभाचं चित्रण करणारी ती एकटीच बाई. तिचा नियम कडक होता. बायका केस मोकळे सोडून, हवं ते नेसून नाचलेल्या असत, म्हणून घरी बसून एकच डिस्क भरायची, नवरीच्या हातात द्यायची आणि नवरीच्या आईसमोर कॅमेऱ्यातली फीत पुसून टाकायची. दुसरी प्रत नाही. याच भरवशावर बायका तिच्यापुढे पोट धरून हसायच्या.

म्हणूनच ही डिस्क बाजारात नेता येत नव्हती. घरच्या जुन्या लॅपटॉपने ती दोनदा घरघरून बाहेर ढकलली, तेव्हा अनस म्हणाला होता, "दे ना इकडे, माझा मित्र पाच मिनिटांत काढून देईल."

"आणि त्या चाळीस बायकांना कोण विचारणार? तू?"

चाळिसातल्या सहाजणी आता हयात नव्हत्या. त्यांना कोणीच विचारू शकत नव्हतं.

तेव्हा दोघी बाळाला घेऊन नूरियाकडेच गेल्या. नूरियाने पंधरा वर्षांपूर्वीच कॅमेरा ठेवून दिला होता. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. तिने शेंगदाणे घातलेला फेसाळ चहा पुढे केला आणि डिस्क हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला.

"तिसरीचं गणित? मी कधीपासून गणितं शिकवायला लागले?"

ज़ुहरा ओशाळून हसली. "अगं, तुझं अक्षर पुसून मी ते लिहिलं. लग्नानंतर माझा धाकटा दीर सिनेमांच्या डिस्क शोधत सगळी कपाटं उचकायचा. 'ज़ुहराची मेंदी' वाचून लावली असती तर? गणित म्हटल्यावर हात तरी लावेल का तो?"

"अक्कल चालवलीस. पुसलं कशाने?"

"नेलपॉलिश काढायच्या पाण्याने. काय छान निघालं!"

नूरियाने चहाचा पेला खाली ठेवला. उठली आणि डिस्क खिडकीशी धरली. दुपारचं ऊन डिस्कमधून आरपार आलं. आतल्या भागात एकदोन बारीक छिद्रं, पण बाहेरच्या कडेला चाळणीतून चाळल्यासारखा उजेड.

"ज़ुहरा, माझी माय, लोकांना वाटतं डिस्क खालून चमकते म्हणजे लिहिलेलं खाली असतं. ते वरच्या बाजूला असतं, या पातळ थराखाली. तोच थर तू घासलास."

"मला काय माहीत? तूच म्हणाली होतीस, शंभर वर्षं टिकेल!"

"डब्यावर लिहिलं होतं शंभर वर्षं. मी वाचलं आणि सांगितलं. माझ्या स्वतःच्या मुलाच्या सुंतेची डिस्क सात वर्षांत गेली, काही न करता, नुसत्या कपाटात. आणि शेजारणीची, तिच्याच जोडीला भरलेली, अजून चालते. यांचं काही सांगता येत नाही."

सुंदुसने विचारलं, "गाणं कुठे आहे? सुरुवातीला की शेवटी?"

नूरियाने तिच्याकडे पाहायचं टाळलं. "डिस्क आतून बाहेर भरत जाते, पोरी. गाणं शेवटी झालं. म्हणजे कडेला."

सुंदुसला खालतीच्या हातांकडे पाहवेना. नखं आजही रंगवलेली होती.

नूरियाने पलंगाखालून एक जुना, जाड ड्राइव्ह ओढून काढला आणि त्यावर फुंकर मारली. "नवे ड्राइव्ह अशा डिस्कला दारातूनच हाकलतात. हा म्हातारा आहे, थांबून ऐकून घेतो. पण दोनला वीज जाते, तेवढ्यात जे होईल ते."

तो संगणकाला जोडून, सगळ्यात कमी वेग लावून ती डिस्क वाचायला बसली. पहिली वीस मिनिटं लख्ख. ज़ुहरा आपलं दुःख विसरली.

"अय्या, ही तुझी आत्या बघ, काय तिची कंबर! आणि ती हिरव्या झग्यातली, माझी सासू! वल्लाह, ही नाचायची? मला तर लग्नानंतर पायात पैंजण घालू दिले नाहीत!"

"तिनेच मला सांगितलं होतं, माझा नाच नीट घे म्हणून," नूरिया म्हणाली.

मग चित्र अडखळू लागलं. माणसं चौकोनांत फुटायची, पुन्हा जुळायची. ड्राइव्ह कण्हत होता. आणि एकाएकी, चटईवर, भिंतीला टेकून, आई. सुंदुसपेक्षा फार मोठी नव्हतीच ती. मांडीवर आठ वर्षांची एक मुलगी आडवी, तोंड उघडं, एक पाय लोंबकळता. बाजूच्या कुणीतरी ढोलकावर जोरात थाप मारली. आईने बोट वर केलं.

"हळू गं, बायांनो. पोर उठेल."

बायका हसल्या. आईही हसली, मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले, ओठ उघडून श्वास घेतला, आणि तिचा चेहरा चौकोन चौकोन होऊन तसाच राहिला.

नूरियाने मागे नेलं, पुढे नेलं. थांबली, डिस्क काढून मऊ फडक्याने आतून बाहेर सरळ पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्या खेपेला ड्राइव्ह रिकामा आहे असं यंत्र म्हणू लागलं.

ज़ुहराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझ्या बहिणीचा गळा मी माझ्या हाताने पुसला. या हाताने!"

सुंदुसला बोलायचं होतं, खूप. तिने एवढंच विचारलं, "खालती, पुढे काय होतं त्या गाण्यात? थोडं तरी?"

"मी नवरी होते गं. डोक्यावरून लाल कापड, मान खाली. तुझं नाव आलं तेव्हा सगळ्या 'ओ' म्हणाल्या, एवढंच आठवतं. शब्द नाही आठवत. चालही नाही." ती थांबली. "ती गेल्यापासून मी एकदाही लावली नाही डिस्क. धीरच झाला नाही. वाटायचं, आहे ना पेटीत."

घड्याळात दोनला दहा कमी होते. नूरिया खुर्ची ओढून सुंदुसजवळ आली. "वाचलं तेवढं यंत्रात उतरलंय. चित्रं मी पुसणार, माझा शब्द आहे. पण आवाज वेगळा काढून देते. आवाजात कोणाचे केस दिसत नाहीत."

सुंदुसने फोन पुढे केला. आईचा भाग अकरा सेकंदांचा झाला. ढोलकाची थाप, बोलणं, हसू, श्वास. बस.

वीज गेली, पंखा मंदावत थांबला. सुंदुसने फोन कानाशी नेऊन ऐकलं. परत ऐकलं. आवाज उंच नव्हता, नाकातूनही नव्हता. थोडा घोगरा होता, आणि 'पोर' म्हणताना खाली उतरत होता. इतक्या वर्षांत तिने हे कधी कल्पिलंच नव्हतं, आणि ऐकताक्षणी दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"मोठ्याने लाव ना," ज़ुहरा हळूच म्हणाली. मग मांडीवरच्या बाळाकडे पाहून घाईघाईने, "नको, नको. राहू दे."

सुंदुसने बाळाकडे पाहिलं. घामेजलेलं कपाळ, उघडं तोंड, लोंबकळता पाय. या वेळी छातीवर हात ठेवायचं तिला सुचलं नाही. तिने आवाज होता तितका वाढवला आणि फोन बाळाच्या उशाशी धरला.

हळू गं, बायांनो. पोर उठेल.

मब्रूका दचकून जागी झाली. रडली नाही. मान इकडून तिकडे वळवत, कोण बोललं ते शोधत राहिली. सुंदुसने पुन्हा लावलं.