नागिणीला अडवणारी पेशी

मित्रांनो, मी जुनी आहे, पण विसराळू नाही. हिंडलग्याच्या मालुबाईंच्या रक्तातली, रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी, मी एक स्मृतिपेशी.

आमचा वंश हाडांच्या मगजातला. शिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत झाले. ती शाळा कडक. आपल्याच शरीरावर हात उगारणाऱ्या पेशींना तिथे जिवंत सोडत नाहीत.

मालुबाई सात वर्षांच्या असताना त्यांना कांजिण्या आल्या. त्या लढाईत आम्ही अफाट वाढलो आणि जिंकल्यावर बहुतेक मेलो. शत्रूची ओळख जपायला मोजक्याच उरलो. विषाणू मात्र संपला नव्हता. पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंत तो दडून बसला. साठहून अधिक वर्षे आम्ही त्याला डोके वर काढू दिले नाही. दुभंगायचे, लेकी मागे ठेवायच्या, पण पहारा मोडायचा नाही.

पुढे थायमस आटली. नव्या पेशी येईनाशा झाल्या, आम्हीही थकलो. गेल्या वर्षी मालुबाईंच्या डाव्या बरगडीखाली आग होऊ लागली आणि फोडांची रांग उठली.

शेजारच्या जयाबाई म्हणाल्या, "नागीण हाय आक्का. तोंड-शेपूट मिळालं की मानूस वाचत न्हाय. फोडांवर लाल काव लाव आन् गप पडून ऱ्हा."

मालुबाई उठून बसल्या. "एकाहत्तर वर्सं गप बसले न्हाय, आता कशाला बसू? रूपाली, रिक्षा बोलव. शहरात, कॅम्पातल्या दवाखान्याला जायाचं."

सुनेने विचारले, "आत्ती, सोसंल काय तुम्हास्नी?"

"न सोसून कुनाला सांगू? चल."

डॉक्टर विनोदिनींनी फोड पाहिले. "हा लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. एका मज्जातंतूच्या वाटेनं येतो, म्हणून एकाच बाजूला उठतो. विळखा पडला की माणूस मरतो, हे खोटं. दुसऱ्याच दिवशी आलात, बरं केलंत."

गोळ्यांनी शत्रूची वाढ रोखली. त्याने बळकावलेल्या पेशी आम्ही हुडकून मारल्या. आमच्यातल्या किती मेल्या, कुणाला ठाऊक. मागे कुणीच हटले नाही.

तीन आठवड्यांनी फोडांवरच्या खपल्या गळाल्या. ते पाहून जयाबाई हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरीनबाईचं नाव काय गं?"

मित्रांनो, वय झाले म्हणून दुखणे अंगावर काढू नका. घरात पन्नाशी उलटलेले कुणी असेल, तर नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. आम्हाला कुमक हवी असते, कीव नको.

मालुबाई पुन्हा शेतात तण काढायला, भांगलायला जातात. मीही कामावर आहे.