शीला मॅडमचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. यवतमाळच्या एका महाविद्यालयात, मराठी विभागाच्या खिडकीजवळ माझी उमेदीची वर्षे गेली.

ते दिवस कापसाला भाव नसण्याचे होते. वेचणीला मजूर लावणे परवडेना, म्हणून कितीतरी मुले-मुली वर्ग सोडून शेतात जात. झरी जामणीकडची निकिताही गेली. ती निबंध फार सुंदर लिही. "मॅडम, आता अभ्यास सुटला तं परत येनं होनार नाही," निघताना ती म्हणाली. लेखन शिकवणाऱ्या शीला मॅडम खिडकीतून तिला जाताना पाहत राहिल्या.

त्याच हिवाळ्यात प्राध्यापकांना संगणक शिकवायला तरुण मिताली आली. शीला मॅडम निवृत्तीला आलेल्या. माऊस धरला की बाण भलतीकडेच पळे. सहकारी हसले की त्या हात मागे घेत. एकदा त्यांनी पानभर मजकूर टाइप केला आणि वीज गेली. सगळे पुसले गेले.

"माझ्यानं नाही होणार गं."

"मॅडम," मिताली म्हणाली, "पांढरकवड्याच्या सायबर कॅफेतून निकिता निबंध पाठवू शकेल. पण इथे तो उघडणारं कुणी हवं ना?"

मॅडम पुन्हा माझ्यासमोर बसल्या. रोज बसू लागल्या. निकितालाही तसा निरोप धाडला.

बाजाराच्या दिवशी पांढरकवड्याहून निकिताचा निबंध आला. माझ्या पडद्यावर मात्र मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. मला फार वाईट वाटले. मिताली तेव्हा पुसदला गेली होती. मॅडमनी तिने शिकवलेले आठवले आणि कॅफेत फोन लावला.

"निकिता, तुझा फॉन्ट माझ्याकडे नाही. युनिकोडमध्ये टाइप करून पाठव, ते कुठल्याही संगणकावर वाचता येतं."

"मॅडम, तुमाले हे कवापासून येते?"

"आत्ताच शिकून राह्यली!" मॅडम तिच्याच बोलीत म्हणाल्या.

दुपारी पडद्यावर स्वच्छ अक्षरे उमटली: 'बोंड उमललं की आई घरात कमी बोलते.' मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली, डोळे पुसले आणि खाली शेरा टाइप केला, 'इथेच थांबू नकोस. का ते लिही.'

हंगामभर निबंध आणि शेरे येत-जात राहिले. उन्हाळ्यात निकिता परीक्षेला बसली आणि पास झाली.

आता मी अडगळीच्या खोलीत असतो. माझ्या जागी सडपातळ लॅपटॉप आले, ते योग्यच झाले. कधी माझ्यावरची धूळ झटकलीत तर बरे वाटेल. पण मित्रांनो, खरे मागणे वेगळेच आहे. तुमची आई, आजोबा किंवा शिक्षक नवे यंत्र शिकताना अडखळले, तर ते त्यांच्या हातून ओढून घेऊ नका. थोडे थांबा. त्यांच्या बोटांना त्यांची वाट सापडू द्या.