डुकराला कुठली तिथी

क्वेनला आपल्या जिभेचा भारी अभिमान. लाल नदीच्या बांधाखालच्या त्या गावात कोणी मासे धरण्यात नावाजलेला, कोणी भांडणं मिटवण्यात. क्वेन नावाजलेला कुत्र्याच्या मटणात. एक घास तोंडात घालायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "पिवळं. दोन वर्षांचं. डावा कान फाटलेला." पाहुणे माना डोलवायचे. कान तपासायला कोण जाणार?

चांद्र महिना संपताना कुत्रं खाल्लं की महिन्याभराची अवदसा टळते, आणि नव्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी खाल्लं तर तीच अवदसा पथारी पसरून बसते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून क्वेन दर महिनाअखेरीला बायकोला, थोआला, बांधावरच्या दुकानी पिटाळायचा.

अकरा वर्षांपूर्वी थोआ पहिल्यांदा गेली, तेव्हा दुकानापुढच्या पिंजऱ्यातल्या एका कुत्र्याने तिला पाहून शेपटी हलवली. ओळख ना पाळख! आता शेपटी हलवल्यावर माणसाने करायचं तरी काय? ती तशीच पुढे बाजारात गेली आणि डुकराचे पाय घेऊन आली. पेंढ्याच्या जाळावर कातडी काळपट होईतो भाजली, आल्यासारखं उग्र कुलिंजन कुटून लावलं, आंबवलेला भात आणि आंबवलेल्या जवळ्याचं ते जांभळं, नाक उडवणारं वाटण घातलं. हा पदार्थ तिथे घरोघरी होतो, 'खोटं कुत्रं' म्हणून उघड वाढतात. थोआने फक्त 'खोटं' तेवढं वाढलं नाही.

क्वेनने घास घेतला, डोळे मिटले. 

"पिवळं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तिने बांधावरच्या दुकानाची वाट सोडली ती सोडलीच. खूर मात्र आठवणीने काढून अंगणातल्या मुकला द्यायची. मुक म्हणजे शाईसारखा काळा, आळशी, घरचा कुत्रा. महिनाअखेरीची खरी वाट तोच बघायचा.

मिएनचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं ते त्या वर्षीच्या शरदात. मुलगा शेजारच्या गावचा, पोरीच्या मनातला. साखरपुडा पुढच्या महिन्याच्या बाराव्या दिवशी. मुलाची आई लुआबाई देवीआईची मोठी भक्त. देवीला कुत्रं चालत नाही, म्हणून तिच्या घरात ते नावही निघत नसे. तिचा नवरा ख्वात गरीब माणूस. वीस वर्षं कुत्र्याचा घास नाही, जिभेला कुलूप.

"बिचारा व्याही!" क्वेन म्हणाला. "बोलवू त्याला महिनाअखेरीला. बायकोला कशाला कळतंय?"

त्याने पौर्णिमेपासून पंधरा दिवस बोटांवर मोजले, तीस भरले त्या दिवशी ख्वातला जेवायला बोलावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान त्याने पाहिलं नाही, कारण पानं फाडून हुक्का पेटवण्यातच त्याची तिथी संपायची. महिना नेमका एकोणतीस दिवसांचा होता. आदल्याच दिवशी संपला होता.

थोआला हे माहीत होतं. पहाटेच तिने पूर्वजांपुढे नव्या महिन्याच्या पहिलीची उदबत्ती लावली होती. सांगायला तिने तोंडही उघडलं. मग वाटलं, जाऊ दे, डुकराला कुठली तिथी! आणि ती पेंढा पेटवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुआबाई दारात. चपलाही काढल्या नाहीत.

"विहीणबाई, मागणी घालताना दिलेलं आमचं पानसुपारीचं तबक द्या परत."

"अहो, झालं तरी काय? बसा तर खरं."

"बसते कशाला! काल आमचे हे आले ते गाणं म्हणत. वास फाटकापासून! विचारलं, तर म्हणतात महिनाअखेर आहे. महिनाअखेर? मी पहिलीचा दिवा लावून बसलेय देवीपुढे! पहिलीला कुत्रं रांधणाऱ्या घरची सून आणून मी काय महिनाभर अवदसेला भात वाढू?"

दाराआड काहीतरी खळ्ळकन फुटलं. मिएन तिथेच उभी होती.

थोआने एक श्वास घेतला. "लुआबाई, ते कुत्रं नव्हतं. डुकराचे पाय होते."

"काय?" हे मात्र क्वेन ओरडला. हुक्का टाकून तो उठलाच. "काहीतरी बोलू नकोस! पिवळं होतं! कोवळं!"

"मिएनचे बाबा, गप्प बसा."

"का गप्प बसू? माझ्या जिभेवर आळ घेतेस?"

"अहो, तुमच्या पोरीचं लग्न मोडतंय!"

"पोरीचं लग्न पुन्हा जुळेल, माझी जीभ गेली तर कोण देणार? कुत्रंच होतं, लुआबाई. शपथ घेतो."

"ऐका," लुआबाई म्हणाल्या. "घरधनीच कबूल करतोय. द्या तबक."

थोआने तबक नाही दिलं. अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "मुक! ए मुक्या!"

मुक अंगणातल्या पलंगाखालून निघाला. सावकाश आळस दिला. तोंडात कालचाच ऐवज होता, तो त्याने लुआबाईंच्या चपलेपाशी नीट ठेवला आणि शेपटी हलवली. दोन फाकांचा, व्यवस्थित फाटलेला, डुकराचा खूर.

लुआबाई वाकल्या, निरखून पाहिलं.

"कुत्र्याला खूर कधीपासून यायला लागले, व्याही?"

क्वेन खुराकडे बघत राहिला, मग बायकोकडे. "किती दिवस?"

"अकरा वर्षं."

"अकरा!" तो मटकन बसला. दाराआडून मिएन डोळे पुसत बाहेर आली आणि बापाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्याकडे एकदा बघून त्याने खाकरून घसा साफ केला. "मला काय माहीत नव्हतं? पहिल्याच घासाला ओळखलं. तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"हो ना," थोआ म्हणाली. "तुमचा स्वभावच तसा."

लुआबाईंनी अखेर चपला काढल्या. "चहा टाका, विहीणबाई. साखरपुडा बारालाच. पण आमच्या ह्यांना मी सोडायची नाही. पाय डुकराचा असेल, मन तर कुत्र्यातच होतं ना!"

लग्न झालं, थाटात झालं. पुढच्या महिनाअखेरीला क्वेनने, कॅलेंडर दोनदा पाहून, चार मित्र जमवले. थोआने वाडगा पुढे ठेवला. त्याने घास घेतला, डोळे मिटले. मग एक डोळा हळूच उघडून बायकोकडे पाहिलं.

"पिवळं," तो जरा दबकत म्हणाला.

"पिवळंच," थोआ म्हणाली. "डावा कान फाटलेला."