ओढ येईल तिकडे वळणारी कडी

मित्रांनो, मी एका ट्रकच्या हौद्यातली जुनी कडी आहे. माल बांधायची साखळी माझ्यात अडकवायचे. तुम्ही पाहिलेल्या कड्या एका जागी ठोकलेल्या असतील. मी मात्र खुंटीभोवती गरकन फिरते.

लालबुंद पोलादावर घणाचे घाव पडले आणि मी घडले. पुढे दुकानाच्या फळीवर आले. शेजारी तेलाच्या दाबावर चालणारा एक जाडजूड हायड्रॉलिक सिलिंडर होता. ‘अख्खा हौदा उचलतो मी!’ ही त्याची बढाई ऐकून माझे कान किटले होते.

एके सकाळी दोन बहिणी आल्या. नव्या ट्रकसाठी त्यांना कड्या हव्या होत्या. धाकटी ट्रक चालवायची, थोरली देखभाल बघायची. थोरलीने वेल्डिंगने बसवायची कडी उचलली.

“ही बघ, कशी दणकट आहे. जागची हलायची नाही.”

“तेच तर नको, ताई,” धाकटी म्हणाली. “साखळी तिरकी ओढते. कडी वळली नाही, तर सगळा ताण जोडावर येतो. फिरती घे.”

“फिरणारं आधी खिळखिळं होतं.”

“मग तू लक्ष ठेव की! गाडी मला चालवायची आहे.”

थोरली हसली. माझ्या अंगावर कोरलेली वजनाची मर्यादा तिने नीट वाचली आणि माझ्यासारख्याच आणखी तिघींसह मला घेतले.

एकदा आम्ही रुग्णालयाचा भलामोठा जनरेटर नेत होतो. उतारावर वळण घेतले, तर समोर मुलांनी भरलेली बस बंद पडून आडवी उभी! धाकटीने करकचून ब्रेक दाबला. जनरेटर तिरका सरकू लागला. साखळीला हिसका बसला. मी त्या ओढीच्या दिशेने वळले आणि सगळे बळ एकवटून धरून राहिले. ट्रक बसच्या अलीकडे थांबला.

धाकटी खाली उतरली. तिने फोन लावला. “ताई, जनरेटर जागेवर आहे. मीही.”

पलीकडून थोरलीचा आवाज आला, “आधी पाणी पी. बाकीचं मग सांग.”

त्या दिवसापासून माझा भाव वधारला. पण कौतुक किती टिकते? एकदा रंगाऱ्याने मला रंगाने माखून टाकले. माझा सांधा आवळला गेला.

“अहो, कडीला रंग कशाला फासलात?” थोरली कडाडली.

“छान दिसतेय की!”

“दिसायला नको, फिरायला हवी!” म्हणत तिनेच मला खरवडून मोकळे केले.

पुढे कित्येक वर्षे मी ओझी धरली. परवा थोरलीने माझी आतली कड बोटाने चाचपली. ती झिजून पातळ झाली होती.

“अजून एक खेप काढेल की,” धाकटी म्हणाली.

“काढेलही. पण तू गाडीत असशील,” थोरली म्हणाली आणि तिने माझे बोल्ट सोडले.

मला वाईट वाटले, पण मी रागावले नाही. मित्रांनो, वस्तू घेताना तिच्यावर ताण कुठून येणार ते पाहा. तिचे सांधे मोकळे ठेवा. आणि ती थकली की तुटायची वाट न पाहता तिला सोडवा. माझ्या हातून एकही ओझे निसटले नाही, असे मी आज ताठ मानेने सांगते. ते सांगायची संधी मला थोरलीने वेळेवर दिली.