बाईसाहेबांचा पान्हा

म्हाताऱ्याने खिडकीच्या गजांना तोंड लावले आणि ओरडला, "अगं, सड ओढू नकोस! मुठीनं दाब!"

गोठ्यातून बादली उडाल्याचा आवाज आला. पाठोपाठ सुनेचा. गाईला ती जे काही बोलली, ते सासऱ्यासमोर एरवी बोलली नसती.

"खाल्लीस ना लाथ? अंगाला चिकटून बस म्हणून किती वेळा सांगितलं!"

साथीची लागण झालेल्या कामगारांसाठी फार्मवरची औषधांची खोली रिकामी केली होती. आज म्हाताऱ्याचा तिथला चौथा दिवस. ताप एका दिवसात उतरला, पण पायांना चैन नव्हते. भिंतीपासून दारापर्यंत पाच पावले, वळून पुन्हा पाच. आरोग्यसेविका दोन वेळा येऊन दाराबाहेरच्या स्टुलावर डबा ठेवी आणि त्याच्या घरी शिधा पोचवी. त्याची जागा जाऊ नये म्हणून घरचेच माणूस बदलीवर घ्यायला मालकाला तिनेच राजी केले होते. सून वेगळ्या घरी राहायची, तिला लागण नव्हती, म्हणून ती आली. अकरा गाई तिने निमूटपणे दोहल्या. बारावीने मात्र पान्हा चोरला. ती म्हाताऱ्याची लाडकी. तिचा तोरा बघून तोच तिला बाईसाहेब म्हणत असे.

सून हात पुसत खिडकीखाली आली, सांगितल्याप्रमाणे चार हात लांब उभी राहिली.

"आबा, कास दगडासारखी झालीय. हात लावू देत नाही."

"आज दूध उतरलं नाही तर सड जाईल. आणि सड गेलेली गाय मालक ठेवत नाही."

"तेच म्हणते. तिला तुमचा वास हवाय. अंगातला शर्ट द्या, तो घालून बसते."

"डोकं ठिकाणावर आहे का? कपडे पिवळ्या पिशवीत टाकायचे, तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. सेविकाबाईनं बजावलंय."

"सेविकाबाईला कुठं धार काढायचीय?"

गोठ्यात गाय हंबरली. कळवळल्यासारखी, लांब. म्हाताऱ्याने बटणे काढली, शर्ट पिशवीत कोंबून गाठ मारली आणि गजांमधून खाली टाकला.

"हाताला लागू देऊ नकोस," तो म्हणाला. अंगात घालायच्या शर्टाबद्दल आपण हे काय बोललो, ते सून गेल्यावर त्याच्या ध्यानात आले.

दुपारी सेविकाबाईने डबा ठेवला आणि बोटाला लावायचा चिमटा पुढे केला.

"नाडी का पळतेय एवढी? आणि उघडे का?"

"उकडतंय."

"चालत होता ना खोलीभर?"

"चालायला हे काय शेत आहे?" त्याने चिमटा काढून परत दिला. "बाई, कपड्यांतून लागतं का हो हे?"

"लागू शकतं, म्हणून तर पिशवी. का हो?"

"सहज."

ती गेली. डबा तसाच राहिला. त्याने सुनेला फोन लावला, नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला. घरी नात दोन वर्षांची होती, आई आली की थेट तिच्या छातीवर झेपावणारी. पाच पावले, वळण, पाच पावले. एकदा तर तो दाराची कडी काढून उंबऱ्यापर्यंत गेला आणि मागे आला. आपल्याच अंगाची त्याला भीती वाटू लागली होती.

संध्याकाळी गोठ्यात बादल्या वाजल्या तेव्हा तो खाटेवर बसून होता, कोपरे गुडघ्यांवर टेकवून. कुठल्या गाईची धार चालली आहे, तेही त्याने ऐकले नाही. सेविकाबाईची पावले वाजताच उठला.

"बाई, शर्ट सुनेकडे आहे. माझा. घालून धार काढते म्हणाली, आणि मी दिला."

सेविकाबाईने हातातला डबा स्टुलावर टेकवला. "तिलाही आत बसवावं लागेल. मग गाईंचं कोण बघणार? ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. गाय जाऊ दे. सुनेला आधी बाजूला करा."

ती गोठ्याकडे गेली. बराच वेळ गेला. परत आली तेव्हा कपाळावरच्या आठ्या उतरल्या होत्या.

"शर्ट मागे तारेवर वाळतोय. सकाळीच उकळत्या पाण्यात टाकला म्हणे. घालणार होती, पण पोरगी आठवली. पिशवी काठीनं उचलली म्हणते. तरी मी तिची तपासणी करणारच."

म्हातारा खाटेवर बसला. म्हणाला, "म्हणजे दूध नाहीच उतरलं."

"चांगली बादलीभर काढलीय."

"कशी काय?"

सेविकाबाईने दुपारचा डबा उचलला. "सुनेला मी तेच विचारलं. ती म्हणाली, आज खिडकीतून आवाज आला नाही. एरवी आवाज आला की गाय मान वळवून इकडंच बघत राहते. आज उभी राहिली." मग डब्याचे वजन हातात जोखून म्हणाली, "जेवला नाहीत तुम्ही."

तो जेवला. दिलेले सगळे खाल्ले.

सकाळी बादलीच्या कडीचा आवाज आला. सून कोपऱ्यातल्या गाई सोडून थेट बाईसाहेबांपाशी गेली, आणि तेही पुढ्यात आंबोणाची पाटी न ठेवता. सगळेच उलटे. म्हातारा उठून गजांपाशी गेला. ओरडायला तोंड उघडले. मग, खोलीत दुसरे कुणी नसताना, त्याने हनुवटीवरचा मास्क नाकापर्यंत ओढून घेतला.